मर्जीची मजुरी

आठवीच्या वर्गात मुंबईच्या गिरणी कामगारांचा विषय निघाला होता. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, आठवड्याची सुट्टी नाही, सात-आठ वर्षांची लेकरे यंत्रापाशी, असे आम्ही सांगत होतो. मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला. "सर, इस में ज़ुल्म क्या है? मेरे अब्बा भी बारह घंटे चलाते हैं. अपनी मर्ज़ी से."

वर्ग हसला नाही. मालेगावात या वाक्यावर हसण्यासारखे काही नाही. निम्म्या मुलांचे वडील लूमवर असतात, कोणाची आई घरी कांड्या भरते. तेवढ्यात तास संपला आणि आम्ही उत्तर न देताच खडू ठेवून बाहेर पडलो. खरे सांगायचे तर तास संपला नसता तरी उत्तर आमच्यापाशी नव्हते.

माणूस आपल्या मर्जीने काम करत असेल तर त्यात अन्याय कोणाचा? हा प्रश्न त्या मुलाचा नाही, दीडशे वर्षांचा आहे. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढच्या पंचवीस वर्षांत गिरण्यांची रांग उभी राहिली. कामाचे तास घड्याळावर नव्हते, उजेडावर होते. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून काम कमी, उन्हाळ्यात मोठा म्हणून जास्त. नंतर विजेचे दिवे आले आणि तेही बंधन गेले. उजेडाने मजुराचा अंधार वाढवला, असे म्हणण्याचा मोह होतो. कायदा करायची गोष्ट निघाली तेव्हा मालकांचे म्हणणे साधे होते: मजूर राजी आहे, त्याला कोणी बांधून ठेवलेले नाही, आणि आपल्याकडचा मजूर मध्येमध्ये विडी ओढायला बाहेर जातो, तेव्हा एवढे तास म्हणजे काही जास्त नव्हेत.

दुसरे म्हणणे अधिक अवघड होते. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी कारखान्यांच्या कायद्यासाठी खटपट केली, पण लँकेशायरच्या कापडवाल्यांनाही तो कायदा हवा होता. मुंबईचा माल महाग व्हावा हा त्यांचा हेतू. त्यामुळे आपल्याकडची देशाभिमानी वृत्तपत्रे कायद्याच्या विरोधात गेली. धंदा आपला आहे, तक्रार परक्याची आहे, म्हणून तक्रारच खोटी! १८८१ चा कायदा झाला तो एवढाच: सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचे नाही, सात ते बारा वयाच्या मुलाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही. प्रौढ पुरुषाच्या तासांना हात लावायला १९११ साल उजाडावे लागले. तेव्हा कापड गिरणीत मर्यादा ठरली बारा तासांची. आमच्या गावच्या पाळीतले बारा तास कुठून आले, हे शोधायला फार लांब जायला नको.

आता मर्जीकडे येऊ. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. 'दीनबंधु' चालवणारा, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला हा माणूस. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे गेला. त्यात मागितले काय? रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तरी हातात पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. मागण्या वाचताना गळा दाटतो, कारण त्या फार लहान आहेत. त्यातल्या रविवारसाठीसुद्धा १० जून १८९० पर्यंत थांबावे लागले.

पण आम्ही ज्यावर अडलो ते वेगळेच आहे. हे साडेपाच हजार लोक तेच होते, जे रोज पहाटे 'आपल्या मर्जीने' गिरणीच्या दारात उभे राहत. एकेकट्याला विचारले असते तर प्रत्येकाने सांगितले असते, साहेब, मी राजी आहे. एकट्याच्या मागे दुसरा उभा असतो, तो नाही म्हणाला तर जागा जाते. सगळ्यांना मिळून विचारले तेव्हा उत्तर बदलले. मग खरी मर्जी कोणती मानायची? एकट्याला विचारून मिळालेला होकार खोटा नसतो, पण तो उपाशी माणसाचा होकार असतो. त्याचा फायदा घेणाऱ्याने तो ढाल म्हणून पुढे करू नये.

आमच्या लोकांना एकेकट्यानेच विचारले गेले. १८५७ नंतर मऊ, मुबारकपूर, बनारसकडचे विणकर हातमागाची कला घेऊन दक्षिणेकडे निघाले, ते मालेगाव, भिवंडी आणि मुंबईच्या मदनपुऱ्यात वसले. हातमागाच्या जागी वीज आली. घर मागे पडले, कारखाना आला. मजुरी कापडावर ठरते, तासावर नाही. वीज गेली की मजुरी गेली. वर पेशगी असते. लग्नाला, आजारपणाला सेठकडून उचललेली रक्कम. ती फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जाता येत नाही. पेशगी घेतलेल्या माणसाची मर्जी म्हणजे काय, हे एखाद्या मुफ्तींना विचारावे असे वाटते. लूमच्या आवाजात वर्षानुवर्षे उभे राहून कान जातात. पालकसभेत ओरडून बोलणारे बाप बाहेरच्या माणसाला भांडखोर वाटतात.

१९४८ च्या कायद्याने आठवड्याला ४८ तास ठरवले, पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसे असली तरच. मग एका शेडमध्ये भिंत घातली जाते आणि कागदावर दोन कारखाने होतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत दहाचे वीस झाले. आता भिंतीचाही खर्च वाचला.

सेठला शिव्या देणे सोपे आहे. आमच्या गल्लीतला आठ लूमचा मालक सूत व्यापाऱ्याकडून आणतो, कापड त्यालाच देतो, मध्ये मजुरी उरते तेवढी त्याची. रात्री कामगार आला नाही तर स्वतः उभा राहतो. त्याच्याही वर कोणीतरी आहे. पण मजुरीची गोष्ट काढली की तोच म्हणतो, "मास्टरसाहब, आपलीच माणसे आहेत, बदनामी कशाला?" लँकेशायरचे नाव तेवढे बदलले.

आणि १९८२ चे काय? १८ जानेवारीला गिरणगाव संपावर गेला. अडीच लाख कामगारांनी मिळून 'नाही' म्हटले. तेव्हा गिरणीमालकांनी कापड आणले कुठून? भिवंडीच्या आणि आमच्यासारख्या गावांच्या लूमवरून. आमची माणसे एकेकटी राजी होती. दिवसरात्र खटखट चालली, काही घरांवर मजले चढले. परळच्या चुली विझत होत्या, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. ती कमाई हराम होती असे आम्ही म्हणणार नाही. पण ती कोणाच्या पोटातून आली, हे आपल्या इतिहासात कुठे लिहिलेले नाही.

घाम वाळण्याआधी मजुराला मजुरी द्यावी, ही शिकवण आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ आहे. परीक्षेत तिला गुण मिळतात. घाम किती तास गाळायचा, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्हीही नाही. आमच्या शाळेच्या तीन खोल्या लूमवाल्यांच्या देणगीतून उभ्या आहेत आणि आमचा पगार पंधरा तारखेची वाट न पाहता जमा होतो.

तो मुलगा ईदनंतर वर्गात आला नाही. आम्ही घरी गेलो. बाप रात्रपाळी करून नुकताच झोपला होता. उठला, कानामागे हात धरून आमचे बोलणे ऐकले. पोरगा कुठे आहे म्हणून विचारले, तर मोठ्या आवाजात म्हणाला, "कारखाने में है, सर. हम ने नहीं भेजा. उसकी मर्ज़ी है."

आतून त्याच्या आईने चहा पाठवला. आम्ही तो पिऊन निघालो. परत जायचे आहे, या वेळी शुक्रवारी, लूम बंद असताना.