माफीच्या साक्षीदाराचे प्रायश्चित्त

पापाची कबुली हे प्रायश्चित्ताचे एक अंग होय, हे मनुस्मृतीस मान्य आहे. परंतु स्मृतिकाराने त्या कबुलीच्या जोडीला अनुतापही सांगितला आहे, आणि जी कबुली भयापोटी दिली गेली तिचे मोल काय धरावे, हा प्रश्न चक ब्लेझर या अमेरिकन गृहस्थाचे चरित्र वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

१९९० पासून २०११ पर्यंत हा मनुष्य उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे यांच्या फुटबॉल महासंघाचा सरचिटणीस होता. त्याची कर्तबगारी मोठी होती. गोल्ड कप स्पर्धा आणि दूरचित्रवाणीचे उत्पन्न यांनी महासंघाचा खजिना त्याने भरला. मात्र त्या उत्पन्नावर शेकडा दहा दस्तुरी तो स्वतःकडे वळवीत असे, आणि त्याच्या पदरात दोन कोटी डॉलरांहून अधिक रक्कम पडल्याचे महासंघाच्याच चौकशी समितीने पुढे नमूद केले. हैती, जमैका येथल्या मुलांच्या खेळाचा तो पैसा!

करचुकवेगिरीवरून २०११ साली सरकारी तपासनिसांनी गाठले, तेव्हा तो माफीचा साक्षीदार झाला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी किल्लीच्या साखळीत दडविलेले ध्वनिमुद्रण यंत्र जवळ बाळगून तो जुन्या सहकाऱ्यांशी गप्पा मारीत बसे. १९९८ आणि २०१० च्या विश्वचषकांच्या यजमानपदासंबंधी लाच स्वीकारण्यात आपण सामील होतो, हे २०१३ च्या नोव्हेंबरात ब्रुकलिनच्या न्यायालयात त्याने कबूल केले; आणि २०१५ च्या मे महिन्यात झुरिकच्या एका हॉटेलातून पहाटे फुटबॉलचे बडे हुद्देदार पकडले गेले, त्यामागे त्याची जबानीही होती.

साधनशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यास ही मित्रांशी केलेली दगलबाजी वाटेल, आणि ती होतीही. तरीही ज्या सत्याने जगाचे हित झाले ते सत्य, सांगणाऱ्याचे मुख अपवित्र म्हणून, मला टाकवत नाही. पण त्या हिताचे पुण्य सांगणाऱ्याच्या खाती जमा होते काय? आपले कृत्य गैर आहे हे त्या वेळीही आपणांस ठाऊक होते, असे त्याने न्यायाधीशांसमोर सांगितले; परंतु धर्म तर दुर्योधनासही कळत होता. न्यायालयाला जबानी घेता येते, दंड वसूल करता येतो. अनुताप मागण्याचा अधिकार कोणत्याही सरकारास नाही, आणि म्हणूनच, २०१७ च्या जुलैत शिक्षा ठरण्यापूर्वीच तो वारला, तेव्हा कायद्याच्या दप्तरी त्याचे सहकार्य जमेस धरलेले असले, तरी मी त्यास प्रायश्चित्त म्हणण्यास धजत नाही.