लिंबूटिंबू

पत्त्यांचा कॅट अपुरा असणे ही बहुतेक घरांची रीतच असावी. आमच्या कॅटातली इस्पिकची राणी एका दिवाळीच्या सुट्टीत अशीच नाहीशी झाली आणि मेंढीकोट बंद पडला. तेव्हा मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून नवा कॅट बनवला. लाडू, करंजी आणि चकली या जाती सहज ठरल्या. चिवडा काही काढता येईना, म्हणून चौथे शंकरपाळे आले. प्रत्येक जातीची एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत ८ पाने; एकूण ३२.

खेळणारे आम्ही चौघे : मी, शेजारचे दोन मित्र आणि माझी धाकटी बहीण. एरवी ती लिंबूटिंबू असे. म्हणजे खेळात असे, पण धरलेली नसे. तिच्यावर राज्य येत नसे; ती हरत नसे आणि जिंकतही नसे. त्या दिवशी चौथा भिडू मिळेना, म्हणून ती प्रथमच खरी भिडू झाली.

नियम मीच सांगितले. उतारीच्या जातीचे पान असेल तर तेच टाकायचे, नसेल तर कोणतेही. मोठे पान हात घेईल. मात्र एक्का अठ्ठीला मारील. मुंगीने हत्तीला लोळवावे, अशी ही माझी करामत! ती फार जुनी आहे, हे मला सावंतवाडीच्या गंजिफा पाहिल्यावर कळले. दशावतारी गंजिफेत १० जातींची १२० गोल पाने असतात. आणि त्यांतल्या निम्म्या जातींत, राजा व प्रधान सोडले, तर लहान आकडाच मोठ्याला मारतो.

शेवटच्या हाताला बहिणीचे आणि माझे तीन-तीन हात झाले होते. मी राखून ठेवलेली लाडवाची अठ्ठी ऐटीत टाकली. तिने तिच्यावर चकलीचा एक्का ठेवला आणि टाळ्या पिटल्या.

"एक्का त्याच जातीचा लागतो," मी म्हणालो.

"असं तू सांगितलं नव्हतंस."

"खेळ मी केलाय. मला ठाऊक आहे!"

मी हात ओढून घेतला. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "मग मला पुन्हा लिंबूटिंबूच केलंस की!" आणि उठून गेली.

हरणाऱ्याने कुरकुर केली की आपण त्याला 'रडीचा डाव' म्हणतो. त्या दिवशी तो डाव जिंकणाऱ्याने खेळला होता. नियम माझ्या डोक्यातून निघाला होता, हे खरे. पण पाने वाटली गेली त्या क्षणी तो चौघांचा झाला होता. पाने वाटण्यापूर्वी तो बदलायला कोणाची हरकत होती? मध्येच बदलला, तेव्हा मी नियम मोडला एवढेच नव्हे, तर एका भिडूची गणतीच काढून घेतली. नियमाने बांधले जाणे आपल्याला जाच वाटते. पण ज्याला नियम लागू नाही, त्याला खरे तर कोणी खेळात धरलेलेच नसते.

द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न नियमाचाच होता. जो आधी स्वतःला हरला, त्याला दुसऱ्याला पणाला लावता येते काय? सभेत जाणत्यांची वाण नव्हती. पण त्या प्रश्नाला सरळ उत्तर देणे म्हणजे विचारणारीला माणसात धरणे होते, आणि तेवढे धैर्य थोरल्यांपैकी बहुतेकांना झाले नाही.

आम्ही तर पोरे होतो. दुसऱ्या दिवशी मित्रांनीच ठरवले, की एक्का कोणत्याही जातीचा चालेल. आणि नवल असे की खेळ त्यानेच रंगू लागला. अठ्ठी टाकताना भल्याभल्यांचा हात कापू लागला. बहीणही पुन्हा खेळायला बसली.

पुढे ती माझ्याकडून पुष्कळ डाव हरली आणि पुष्कळ जिंकली. पण लाडवाच्या अठ्ठीचा तो हात तिचा होता, हे मी तिला कधी म्हणालो नाही. या भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात टाकण्यासाठी मी एक पान कापून ठेवले आहे. त्यावर एकच चकली काढली आहे.