माळवदाखालचा गारवा

विजेच्या तारेशी संबंध न ठेवता, आपल्या हातानं बांधलेल्या मातीच्या घरात राहावं, ही ओढ हल्ली अनेकांना लागली आहे. जागा घेतली की आधी विचारणा होते ती सोलर पॅनलची. तुळजापूरच्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांत डोकावलं, तर आधी छताचा विचार करावा हे पटतं.

तुळजापूर साधारण १८ उत्तर अक्षांशावर. १२ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. पुढे जुलैअखेरपर्यंत तो माथ्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. दक्षिणेला मोठी काच लावून ऊन घरात घ्यायचं, ही थंड मुलखातली युक्ती इथं काय कामाची? इथं उन्हाचा सगळा मारा छतावर.

जुन्या गवंड्यांनी ते ओळखलं होतं. लाकडी तुळया, त्यांवर कड्या, वर चिपाडं किंवा पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेडासाठी छताला साणं. पाऊस आला की त्यावर झाकण. पावसाळ्याआधी नवी माती पसरून माळवद चोपायचं, पन्हाळ मोकळं करायचं. दिवसाची धग त्या थरातून खाली उतरेपर्यंत रात्र होते. तोवर घरातली माणसं माळवदावर वाकळा टाकून निजलेली असतात.

याच घरांनी जीवही घेतले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला, जवळपास आठ हजार माणसं गेली. दगड मातीत नुसते रचलेले, भिंतीचे आतले-बाहेरचे थर गुंतवणारा जोडदगड नाही, आणि वर्षानुवर्षं माती चढवून जड झालेलं माळवद डोक्यावर. लोकांनी मातीचा धसका घेतला, त्यात नवल नाही. मग पत्रे आले, स्लॅब आले. पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी बसवत नाही, म्हणून कूलर आला, पाठोपाठ बिलही.

त्या पहाटे मातीपेक्षा बांधणीनं दगा दिला. चारही भिंतींना कवळून धरणारा सलग पट्टा, भिंतीत जोडदगड, वजनाला हलकं पण ऊन अडवणारं छत, पश्चिमेला पडवी, आणि या सगळ्याला जाणत्या इंजिनिअरचा सल्ला, एवढं पाळलं तर मातीचं घर आजही उभं राहतं. अशा घराला चार दिवे, एखादा पंखा आणि पाण्याची मोटर एवढीच वीज लागते. तेवढी आपल्या छतावर तयार करणं कुणालाही झेपेल.

घर बांधायला काढणार असाल, तर मे महिन्यातली एक अख्खी दुपार त्या जागेवर काढा. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, ते बघा. मगच गवंड्याला आखणी करायला सांगा.