हा उजेड कोणासाठी?

2 जुलै 1967 रोजी अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांनी गॅमा किरणांचा लखलखाट टिपला. उपग्रह सोडले होते चोरून केलेल्या अणुचाचण्या पकडायला; हाती लागला दूरच्या अंतराळातला स्फोट!

दोन सेकंदांहून लांबणारे स्फोट बहुतेकदा महाकाय तारा कोसळताना होतात, क्षणिक स्फोट न्यूट्रॉन तारे आदळताना. ऑगस्ट 2017मधल्या अशा टकरीत जड मूलद्रव्ये घडल्याच्या खुणा सापडल्या. सोनेही असेच घडते. संहारातून सृष्टी, म्हणत श्रद्धाळू मन लगेच सुखावते.

पण 19 मार्च 2008चा स्फोट घ्या. साडेसात अब्ज वर्षे प्रवास करून आलेला त्याचा प्रकाश काळोख्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनाही दिसला असता, जेमतेम अर्धा मिनिट. तो निघाला तेव्हा पृथ्वीच जन्मली नव्हती.

विश्वाचा पसारा माणसासाठीच मांडला आहे, हा दावा इथे लंगडा पडतो.