फडकं एकच

गळक्या नळाचं एक बरं असतं. रात्रभर टपटप करून तो घरातल्या सगळ्यांना जागं ठेवतो, त्यामुळे सकाळी प्लंबरला बोलावण्यावाचून गत्यंतर नसतं. मोटारीच्या पॉवर स्टिअरिंगचं तेल मात्र खानदानी वृत्तीचं. ते मुकाट्याने गळतं. मग एके दिवशी वळण घेताना इंजिनातून कुत्र्याच्या पिलासारखा केविलवाणा आवाज येतो, आणि झाकण उघडून पाहावं तर तेल खालच्या खुणेच्याही खाली.

हे तेल म्हणजे आपला बिनपगारी मदतनीस. पट्ट्यावर फिरणारा पंप ते दाबाने ढकलतो आणि आपण चाक वळवलं की तेही आपल्या बाजूने जोर लावतं. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ साली ही युक्ती गाडीत बसवून दाखवली. पण विक्रीच्या मोटारीत ती यायला १९५१ उजाडलं. आपल्याकडे पद्मिनी चालवणारी पिढी हे काम दंडाच्या जोरावर करी. हल्ली बऱ्याच गाड्यांत विजेची मोटर जोर लावते. तेलच नाही तर गळणार काय? माझी गाडी मात्र जुन्या संप्रदायातली होती आणि नेमकी विकायला काढल्यावर गळू लागली.

मेव्हणे वाकून पाहत म्हणाले, "भाऊजी, एवढं काय? फडकं घ्या, पुसून टाका, वरपर्यंत तेल भरा. गिऱ्हाईक चक्कर मारून येईपर्यंत थेंब पडायचा नाही."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने पहिल्याप्रथम काय मागितलं असेल? फडकं! "साहेब, आधी सगळं पुसू, तेल भरू, मग बघू."

म्हणजे कृती तीच, साहित्यही तेच. फरक पुढे. मिस्त्रीने खाली पुठ्ठा पसरला, इंजिन चालू केलं आणि मला स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवायला सांगितलं. थेंब पडतो तिथेच गळती असेल असं नसतं. तेल ओघळत भलतीकडे जातं. म्हणून आधी सगळं कोरडं करायचं आणि पहिली ओल कुठे धरते ते पाहायचं. परतीच्या नळीला क्लिपपाशी चीर सापडली. नळी बदलली, क्लिप बदलली, पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत आतली हवा काढली. खर्च किरकोळ.

मी सुस्कारा सोडणार, तोच मिस्त्रीने रॅकच्या टोकावरचा रबरी भाता दाबून बोट दाखवलं. बोट ओलं होतं. "आतलं सील सुटायला लागलंय. सहा महिने जाईल, वर्षही जाईल. पण काम मोठं आहे."

"गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगा," मेव्हण्यांनी तोडगा काढला. "न विचारलेलं न सांगणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे."

युक्तिवाद प्राचीन आहे. अश्वत्थाम्याच्या बाबतीत धर्मराजही शब्दशः खोटं बोलला नव्हता. तरी जमिनीवरून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली आला. पण मला धर्मराजापेक्षा गिऱ्हाइकाची काळजी वाटत होती. तेल संपलं म्हणून चाक निखळत नाही, ते जड होतं. अंगणात जड झालं तर माणूस शिवी देतो. घाटातल्या वळणावर, मागे बायको-मुलं बसलेली असताना जड झालं, तर शिवी द्यायलाही सवड नसते. आणि ती ओल आता जगात दोघातिघांनाच ठाऊक होती. जो गाडी चालवणार होता, तो त्यांत नव्हता.

मी सांगितलं. गिऱ्हाइकाने किंमत पाडून मागितली, मी दिली. किती पाडली, तो आकडा मेव्हणे दर दिवाळीला फराळाबरोबर मला ऐकवतात.

ऐकवोत बापडे. माणसं घरातली भांडणं पुसतात, हिशेबाच्या वह्या पुसतात, संस्थांचे कारभार पुसतात. पुसण्यात वाईट काहीच नाही. दुरुस्तीची सुरुवातच तिथून होते. पाहायचं ते एवढंच, की पुसून झाल्यावर माणूस खाली वाकून बघतो, की हात धुऊन चहा प्यायला जातो.