जुन्या लुगड्याची गाळणी

अर्धा उपाय गरिबाच्या हातीं द्यावा, कीं पुरा उपाय येईपर्यंत थांबावें? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं.

बांगलादेशांतील मतलब भागांत पुष्कळ लोक तळ्यांचें व नद्यांचें पाणी पीत, आणि पटकी वारंवार येई. पाणी उकळावें खरें. परंतु सर्पण कोठून आणावें? रिटा कॉलवेल, अन्वर हक आदि शास्त्रज्ञांस असें आढळलें होतें कीं, पटकीचे जंतु पाण्यांतील अति सूक्ष्म प्राण्यांस चिकटून राहतात. एकटा जंतु कापडांतून निसटतो. पण तो ज्यावर बसला आहे तो प्राणी अडकतो. जुनें सुती लुगडें चार वेळां दुमडून घागरीच्या तोंडावर धरावें, पाणी गाळावें, मग फडकें धुवून उन्हांत वाळवावें, इतकाच विधि. धुऊन धुऊन मऊ झालेल्या धाग्यांमुळें छिद्रें बारीक होतात, म्हणून येथें नव्यापेक्षां जुनेरच उत्तम; ही गोष्ट आम्हांस फार आवडली. ६५ खेड्यांत प्रयोग झाला. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें, लुगड्यानें गाळणाऱ्या गांवांत पटकी सुमारें ४८ टक्के कमी आढळली.

यावर आक्षेप असा कीं, उरलेल्या रोग्यांचें काय? सुटे जंतु कापडानें अडत नाहींत. श्रीमंतांनीं नळाचें पाणी प्यावें व दरिद्र्यास चिंधी दाखवावी, हा कोणता न्याय? हा राग रास्त आहे. नळ देणें ज्यांचें कर्तव्य, त्यांनीं लुगड्याकडे बोट दाखवून स्वस्थ बसूं नये. तथापि नळ येईपर्यंत ज्या मातांचीं मुलें आजारी पडतील त्यांस आम्हीं काय सांगावें? आमच्या मतें खरें तेंच सांगावें: हें पुरें नव्हे, सर्पण असेल तेव्हां उकळाच; पण नसेल तेव्हां गाळल्यावांचून पिऊं नका.

पुढें पांच वर्षांनीं त्या खेड्यांत पुन्हां चौकशी झाली, तेव्हां ३१ टक्के बायका अद्याप पाणी गाळीत होत्या. एवढ्याच, असें कोणी म्हणेल. परंतु ज्यांच्या भोंवतालचीं घरें गाळीत होतीं, त्या न गाळणाऱ्या घरींही पटकी कमी दिसली. तेव्हां ती बाई केवळ आपल्याच लेंकरांकरितां कष्ट करीत होती, असें कसें म्हणावें? ज्या शेजारणीशीं तिचें पाणवठ्यावर भांडण, तिच्याही घरीं त्या श्रमाचें फळ न मागतां पोहोंचत होतें.

आपल्याकडेही फडक्यानें पाणी गाळण्याची रीत जुनी आहे. उपदेशकांनीं सांगतांना घड्या मोजून दाखवाव्या.