लग्नाचे कर्ज आणि चॅपलची पाटी

प्रश्न : उपवासकाळात आमच्या धर्मग्रामात जगाचा मोह सोडण्यावर बरीच प्रवचने झाली. आमच्या मुलीचे लग्न येत्या मे महिन्यात आहे. चारचौघांसारखे करायचे तर कर्ज काढावे लागेल. साधे केले तर नातेवाईक तोंडावर नाही तरी मागे बोलतील. यजमान म्हणतात, पैसा वाईट नाही, पैशाची आसक्ती वाईट. मनाने अलिप्त असले की खर्च कितीही करा. हे बरोबर आहे का? की खऱ्या भक्तीसाठी जगाची रीतच सोडायला हवी? आणखी एक शंका. नव्या चॅपलला देणगी दिली की दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी लावतात. आपण ती लावून घ्यावी का?
– एक वाचक भगिनी, वसई

उत्तर : तुमच्या यजमानांचे म्हणणे अठराशे वर्षांपूर्वी एका मोठ्या विद्वानाने मांडले आहे, तेव्हा ते सहज उडवून लावता येणार नाही. इसवी सन 200 च्या सुमारास अलेक्झांड्रिया हे भरभराटीचे बंदर होते आणि तिथल्या ख्रिस्ती समाजात पैसेवाले लोकही येऊ लागले होते. सर्वस्व विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये, असे येशूने एका श्रीमंताला सांगितल्याचे ऐकून त्यांचा धीर खचे. क्लेमेंट या आचार्याने त्यांच्यासाठी एक प्रबंधच लिहिला. येशूला तिजोरी नव्हे, मनातली हाव रिकामी करायची होती, असा त्याचा अर्थ. कुणाकडेच काही उरले नाही तर भुकेल्याला जेवू कोण घालणार, हा त्याचा व्यवहारी सवाल. एवढा भाग आजही घरोघरी ऐकू येतो. पुढचा भाग मात्र कुणी सांगत नाही. त्याच प्रबंधात क्लेमेंट श्रीमंताला बजावतो की एखादा देवभीरू माणूस स्वतःवर नेमून घे, त्याने खडसावले तर ऐकून घे, त्याचा धाक बाळग. म्हणजे आपण अलिप्त आहोत की नाही, हे ठरवणे क्लेमेंटने ज्याच्या त्याच्या मनावर सोडलेले नाही. आरोपीलाच न्यायाधीश करू नये, एवढे त्याला कळत होते.

शुभवर्तमानही मनाच्या ग्वाहीवर थांबत नाही. लूकने दोन श्रीमंतांच्या कथा लागोपाठच्या अध्यायांत दिल्या आहेत. अठराव्या अध्यायातला अधिकारी लहानपणापासून आज्ञा पाळणारा, पण सगळे विकायचे म्हटल्यावर खिन्न झाला. एकोणिसाव्यातला जक्कय हा यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांच्या लेखी पापी. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचे ठरवले आणि ज्याला नाडले त्याला चौपट परत करायचे कबूल केले. येशूने त्याच्याकडे उरलेले अर्धे मागितले नाही, जकातनाका सोड असेही सांगितले नाही. या घरी आज तारण आले, असे मात्र जाहीर केले. एकाला सर्वस्व, दुसऱ्याला निम्मे. यावरून ठराविक टक्केवारी निघत नाही हे खरे, पण जक्कयाची अलिप्तता आकड्यांत उतरली हे त्याहून खरे. असाच आकड्यांतला दाखला म्हणून, अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने एका तरुण मेथडिस्टाचा हिशोब आपल्या प्रवचनात सांगितला आहे. चरित्रकार तो वेस्लीचा स्वतःचाच मानतात. पहिल्या वर्षी मिळकत 30 पौंड. 28 मध्ये भागवले, 2 दिले. पुढच्या वर्षी मिळकत 60 झाली. खर्च 28, दान 32. मग मिळकत 90, दान 62. मिळकत वाढली, राहणी वाढली नाही. याच वेस्लीने 1786 मध्ये, म्हातारपणी, आपल्या अनुयायांविषयी काळजी लिहून ठेवली की धर्मामुळे माणूस कष्टाळू आणि काटकसरी होतो, त्यातून श्रीमंत होतो आणि श्रीमंतीत धर्म विरून जातो. त्याच्यापुढचे मेथडिस्ट काही ढोंगी नव्हते. आपण मनाने अलिप्त आहोत, असेच त्यांनाही वाटत असणार. तेव्हा यजमानांना विचारा की गेल्या दहा वर्षांत उत्पन्न वाढले तेव्हा आपला खर्च किती वाढला आणि दान किती. या उत्तरात अलिप्तता दिसली तर ती आहे.

आता तुमचा दुसरा पर्याय, म्हणजे जगाची रीतच सोडण्याचा. यात एक घोटाळा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात देव जगावर इतकी प्रीती करतो की पुत्र देतो, आणि योहानाच्याच पहिल्या पत्रात जगावर प्रीती करू नका, असा इशारा आहे. विरोध वाटतो खरा. पण पत्रात पुढे लगेच स्पष्ट केले आहे की इथे जग म्हणजे देहाची हाव, डोळ्यांची हाव आणि संसारातल्या थाटाचा गर्व. माती, झाडे, माणसे, जेवणखाण, लग्न यांच्याविरुद्ध तिथे काही नाही. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा येशूने तो पुरवला, हे याच योहानाने लिहिले. म्हणून लग्नात गोडधोड करणे हा मोह नव्हे. मोह तिसऱ्या गोष्टीत, थाटाच्या गर्वात आहे आणि तुमच्या पत्रातही तीच आहे. कर्जाचे कारण तुम्ही मुलीची हौस दिलेले नाही, पाहुण्यांची भूकही नाही. लोक बोलतील हे दिले आहे.

देव आणि धन या दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, हे वचन मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येते. ते एकटे काढून वाचायची आपल्याला सवय लागली आहे, म्हणून दुसरा धनी म्हणजे फक्त पैसा असे आपण धरून चालतो. अध्याय सुरुवातीपासून वाचावा. पहिला अर्धा भाग पैशाबद्दल नाहीच. दान, प्रार्थना आणि उपवास या तीन धर्मकृत्यांबद्दल आहे, आणि तिन्ही ठिकाणी एकच ताकीद आहे की ती लोकांनी पाहावीत म्हणून करू नका. जे दाखवण्यासाठी करतात त्यांना त्यांचे फळ मिळून चुकले. त्यानंतर पृथ्वीवरचा साठा, डोळा, दोन धनी, उद्याची चिंता. हा क्रम मला योगायोगाचा वाटत नाही. पैसा बहुतेकांना नुसता साठवायला नको असतो. चारचौघांत मान ताठ राहावी म्हणून हवा असतो. लोकांची नजर हा त्या दुसऱ्या धन्याचा मुकादम आहे. योहानाच्या बाराव्या अध्यायात तर असे पुढारी भेटतात की ज्यांचा येशूवर विश्वास बसला होता, पण सभास्थानातून घालवतील म्हणून ते उघड बोलले नाहीत. देवाकडल्या गौरवापेक्षा माणसांकडला गौरव त्यांना प्रिय होता, असा योहानाचा शेरा आहे. त्यांना पैशाने अडवले नव्हते.

यावर संसारी माणसाचा आक्षेप ठरलेला असतो आणि तो रास्तही आहे. हे व्रतस्थांना जमेल. आम्हाला मुलेबाळे आहेत, सोयरीक सांभाळायची आहे. शुभवर्तमान हा आक्षेप झटकत नाही. आईबापांना द्यायचे धन देवाला अर्पण केले आहे, अशी पळवाट काढणाऱ्यांना येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात धारेवर धरले आहे. घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्याहूनही वाईट, इतक्या कडक शब्दांत तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र बोलते. देवाच्या नावाने दुसऱ्याच्या हक्काचे देऊन टाकणे ही भक्ती नव्हे. थोरांचे त्यागही या कसोटीवर तपासावेत. इजिप्तच्या संत अँथनीने तिसऱ्या शतकात वडिलार्जित तीनशे अरूरा सुपीक जमीन गावकऱ्यांना दिली, बाकीचे विकून गरिबांना वाटले, आणि धाकट्या बहिणीसाठी थोडे मागे ठेवले. पुढे तेही वाटले, पण आधी तिला विश्वासातल्या व्रतस्थ स्त्रियांच्या हवाली केले. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. मराठी ख्रिस्ती भक्तीतले ते मोठे पान आहे. पण टिळकांच्या सढळ हाताची किंमत घरात कोणी मोजली, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचायला मिळते, आणि त्यांनी ते हसत लिहिले म्हणून ती किंमत कमी होत नाही. तात्पर्य, तुम्हाला साधेपणा हवा असेल तर त्याचा भार मुलीवर परस्पर टाकू नका. लग्न तिचे आहे. आधी तिच्याशी बोला. कदाचित तिला हा थाट तुमच्यापेक्षाही नको असेल.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. मत्तयाचा सहावा अध्याय ज्यात येतो त्या डोंगरावरील प्रवचनातच, एक अध्याय आधी, तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या म्हणजे ते तुमची सत्कर्मे पाहतील, असे सांगितले आहे. मग पाटी का नको? ती पाहून दुसऱ्याला द्यावेसे वाटेल. पण त्या वचनाचा शेवट असा की लोकांनी सत्कर्मे पाहून स्वर्गातल्या पित्याचा गौरव करावा. पाटीवर कोणाचे नाव असते? शिवाय दान आणि राहणी यांत एक फरक आहे. दान लपवता येते आणि लपवायलाच सांगितले आहे. राहणी लपत नाही. मांडव, वाद्ये, पानातले पदार्थ सगळ्यांना दिसणारच. आपण नेमके उलट करतो. दान पाटीवर कोरतो आणि परवडत नाही ही गोष्ट मांडवाआड झाकतो. अर्थात साधेपणाचाही देखावा होऊ शकतो. उपवास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, असे सांगितले आहे ते यासाठीच. आम्ही किती साधे लग्न केले, हे व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या आळीला कळवणारे महाभाग मला बँडबाजावाल्यांपेक्षा फार वेगळे वाटत नाहीत.

तेव्हा लग्नासाठी कर्ज काढू नका. हाती आहे त्यात मिस्सा, जवळची माणसे आणि पोटभर जेवण होईल तेवढे करा. कुणी विचारले तर ‘एवढेच परवडले’ असे सरळ सांगा, त्याला सात्त्विक मुलामा देऊ नका. असे म्हणायला लाज वाटते खरी, आणि ती लाज वाटते तिथेच दुसऱ्या धन्याची चाकरी सुटायला लागते. चॅपलची देणगी जमेल तेवढी जरूर द्या, नाव घालू नका म्हणून धर्मगुरूंना सांगा. पाट्यांची प्रथाच बंद करावी का, हा प्रश्न धर्मग्रामाच्या पॅरिश कौन्सिलपुढे कुणीतरी मांडायला हवा. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळकट कपड्यातल्याला पायापाशी बसवणाऱ्या सभेला जे सुनावले आहे, ते आपल्या चॅपलच्या भिंतीलाही लागू पडते. ज्यांनी शंभर रुपये दिले त्यांची पाटी कुठेच लागत नाही. वर्षाच्या शेवटी देणगीचा एकूण आकडा आणि खर्चाचा तपशील सूचनाफलकावर लावला तर देणाऱ्याला हवा तो विश्वास मिळेल, आणि नाव कुणाचेच लागणार नाही.